रक्ताने भूमी पवित्र होते काय?

पानिपत शहरापासून सुमारे ८ किलोमीटरांवर काला अंब नावाचे एक स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे आणि अहमदशहा अब्दाली यांच्यात जो संग्राम झाला, त्याचे स्मरण या स्थानाशी निगडित आहे. येथे पूर्वी एक आम्रवृक्ष होता व सांडलेल्या रक्तामुळे त्याचा रंग काळवंडला, अशी लोकपरंपरा आहे. तो वृक्ष केव्हाच वठून गेला. त्याच्या जागी आता विटांचा एक स्तंभ असून त्याच्या लाकडाचे म्हणून ओळखले जाणारे दरवाजे पानिपतच्या संग्रहालयात आहेत. महाराष्ट्रातून येणारा प्रवासी या स्तंभासमोर नकळत पादत्राणे काढतो, येथली चिमूटभर माती कपाळाला लावतो. ‘वीरांच्या रक्ताने पावन झालेली भूमी’ हे शब्द त्याच्या ओठांवर आपोआप येतात.

परंतु रक्ताने भूमी खरोखर पवित्र होते काय? यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम या तीन धर्मांनी पावित्र्याच्या कल्पनेचा विचार मोठ्या बारकाईने केला आहे. हे धर्म महाराष्ट्राला परके नाहीत. कोकणातील बेने इस्राएलांची मातृभाषा मराठी आहे; फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली मराठीत अवतरले; आणि पानिपतावर मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी मुसलमान होता. तेव्हा काला अंबचा प्रश्न या तिन्ही परंपरांना विचारून पाहण्यास हरकत नाही.

‘पवित्र’ या अर्थी हिब्रू भाषेत ‘कादोश’ असा शब्द आहे. वेगळे काढलेले, ईश्वरासाठी राखून ठेवलेले, असा त्याचा आशय. आपल्याकडे ‘पवित्र’ म्हटले की प्रथम स्वच्छता किंवा शुद्धी डोळ्यांपुढे येते. तेथे प्रथम मर्यादा येते. बायबलमध्ये जी गोष्ट सर्वप्रथम पवित्र ठरविली गेली, ती नदी नव्हे, पर्वत नव्हे, तर एक दिवस होय. तो सातवा दिवस म्हणजे शब्बाथ. कोकणातील बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत, परंतु शनिवारी घाणा बंद ठेवीत. म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. धर्मग्रंथांचा फारसा आधार उरला नव्हता, मोठी धर्मपीठे दूर होती. तरी आठवड्यातील एक दिवस त्यांनी वेगळा काढून ठेवला आणि त्या वेगळेपणात त्यांची सारी ओळख टिकून राहिली. पावित्र्य म्हणजे काय, हे त्या थांबलेल्या घाण्याइतके स्पष्टपणे क्वचितच कोणी सांगितले असेल.

या दृष्टीने पाहिले तर रणभूमी पवित्र ठरत नाही. यहुदी धर्मशास्त्रात मृत्यू हा पावित्र्याचा नव्हे, अशौचाचा विषय आहे. पुरोहितकुळातील पुरुषाला अगदी जवळच्या आप्तांखेरीज कोणाच्याही प्रेताजवळ जाण्याची मनाई आहे, आणि महापुरोहिताला तर मातापित्यांसाठीही ती मोकळीक नाही. मृतांसाठी म्हटल्या जाणाऱ्या ‘कद्दिश’ या प्रार्थनेचे नाव याच धातूपासून आले आहे. पण तीत मृत्यूचा उल्लेखदेखील नाही, केवळ ईश्वरनामाची थोरवी आहे. मोशेसारख्या प्रेषिताची कबर कोठे आहे, हे कोणालाही ठाऊक नाही, असे बायबल मुद्दाम नमूद करते. धर्मासाठी प्राण देणारा ईश्वराचे नाम पवित्र करतो, असे यहुदी मानतात. परंतु तेथे पवित्र होते ते नाम, माती नव्हे.

ख्रिस्ती धर्माने येथे निराळी वाट धरली. क्रुसावरील मरणातून तारण झाले, अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना मृत्यू केवळ अशौचाचा वाटणे शक्य नव्हते. हुतात्म्यांच्या थडग्यांपाशी प्रार्थना होऊ लागल्या, आणि ७८७ साली निकीया येथील धर्मसभेने नव्या देवालयाच्या पवित्रीकरणासाठी हुतात्म्यांचे अवशेष आवश्यक ठरविले. जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकेमध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांचे शरीर जपून ठेवले आहे. साधारणपणे दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी बाहेर आणले जाते. २०२४ च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या दर्शनसोहळ्याला देशोदेशींचे लोक आले होते. काला अंबची माती कपाळाला लावणारा मराठी माणूस या परंपरेच्या बराच जवळ आहे.

तथापि ख्रिस्ती धर्मातच या भावनेला मोठा विरोधही झाला. सोळाव्या शतकातील सुधारकांनी अवशेषपूजा त्याज्य ठरविली. करिंथ येथील भांडकुदळ मंडळींनाही पौलाने आपल्या पत्रात ‘पवित्र जन’ म्हणूनच संबोधिले आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले. पावित्र्य हाडांत नसते. पवित्र आत्म्याच्या साहाय्याने माणसाच्या वर्तनात जो हळूहळू पालट होतो, तेच पवित्रीकरण, असे ते म्हणाले. महाराष्ट्रात नारायण वामन टिळकांसारख्यांनी ज्या प्रॉटेस्टंट परंपरेचा स्वीकार केला, तिची भूमिका हीच होय.

इस्लाममध्ये ‘अल्-कुद्दूस’ हे ईश्वराचे एक नाम आहे. यथार्थाने पवित्र तोच एक. ‘हराम’ म्हणजे निषिद्ध आणि ‘हरम’ म्हणजे पवित्र परिसर, हे दोन्ही शब्द एकाच धातूचे आहेत. मक्केच्या परिसरात शिकार करता येत नाही, तेथली झाडेझुडपे तोडता येत नाहीत. म्हणजे येथेही पावित्र्य मर्यादेच्या रूपाने प्रकट होते. युद्धात पडलेल्या शहीदाला स्नान न घालता, अंगावरच्या रक्तलांछित वस्त्रांतच पुरावे, असे बहुतेक धर्मशास्त्रज्ञांचे मत आहे. त्याचे रक्त अमंगळ मानले जात नाही. पानिपत शहरातच बू अली शाह कलंदर यांचा दर्गा असून तेथे शतकानुशतके भाविक येत आहेत; मूळचे पानिपतचे कवी हाली यांची कबरही त्याच आवारात आहे. दुसरीकडे, कबरींना असा मान देणे एकेश्वरनिष्ठेला बाधक आहे, असे मानणारे पंथही इस्लाममध्ये आहेत. त्यांच्या म्हणण्याला आधारही भक्कम आहे: प्रेषितांच्या वचनानुसार सारी पृथ्वीच नमाजासाठी योग्य आहे, आणि पाणी न मिळाल्यास स्वच्छ मातीनेही शुद्धी करता येते. ती माती कोणत्याही शेतातली चालते. तिच्यावर रक्त सांडलेले असावे लागत नाही.

अशा रीतीने काला अंबच्या प्रश्नाला एकच उत्तर मिळत नाही. एक परंपरा नाही म्हणते, दुसरीत होय आणि नाही असे दोन्ही स्वर आहेत, आणि तिसरीतही तोच वाद आहे. परंतु एका गोष्टीत तिघांचे मत जुळते, आणि तिचे उदाहरण पानिपतावरच घडले आहे.

अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला त्या युद्धात अब्दालीच्या बाजूला होता. त्याच्या पदरी असलेल्या काशीराजाने सुमारे वीस वर्षांनी फारसीत या युद्धाची हकीकत लिहिली. विश्वासरावाचे प्रेत हाती आल्यावर ते पेंढा भरून काबूलला नेण्याची भाषा अफगाण शिपायांनी केली. वैर जिवंत माणसाशी असते, मेलेल्याशी नव्हे, अशा आशयाची रदबदली शुजाने केली आणि प्रेत सोडवून घेतले. पुढे सदाशिवरावभाऊंचे मस्तकाविना धड प्रेतांच्या राशीत ओळखले गेले. शुजाच्या पदरच्या ब्राह्मणांनी त्यांना अग्नी दिला. पराभूत, परधर्मी शत्रूला त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार मिळावा, म्हणून एका मुसलमान नवाबाने विजेत्यांच्या छावणीत शब्द टाकला. इब्राहिमखान गारद्याला मात्र तो वाचवू शकला नाही. तो कैदेतच मारला गेला.

आता यहुदी शास्त्रातील त्या कठोर नियमाकडे पुन्हा पाहावे. जो महापुरोहित पित्याच्या प्रेतालाही स्पर्श करू शकत नाही, त्याला वाटेत एखादे बेवारस प्रेत दिसले, तर त्याने आपले सारे सोवळे बाजूला ठेवून स्वतःच्या हातांनी त्याला मूठमाती दिलीच पाहिजे. सर्वांत पवित्र माणसाचे पावित्र्य त्या एका क्षणी विटाळ पत्करण्यातच असते. मृताला मूठमाती देणे हे ख्रिस्ती परंपरेने दयेच्या सात शारीरिक कृत्यांपैकी एक मानले. इस्लामने मृताचे अंत्यसंस्कार हे साऱ्या समाजावरचे कर्तव्य ठरविले. ते कोणीच केले नाही, तर दोष सर्वांना लागतो.

तेव्हा रक्ताने भूमी पवित्र होते असे नाही. रक्त तर प्रत्येक युद्धात सांडते. सांडलेल्या रक्ताविषयी मागे राहिलेली माणसे जी मर्यादा पाळतात, तिने भूमीला पावित्र्य येते. दर वर्षी १४ जानेवारीला काला अंबला लोक जमतात आणि स्तंभासमोर नतमस्तक होतात. भाऊंचे आणि विश्वासरावाचे स्मरण ते करतातच. त्याबरोबर इब्राहिमखानाचे, आणि शत्रूच्या प्रेतासाठी रदबदली करणाऱ्या त्या नवाबाचेही स्मरण झाले, तर तेथे काढून ठेवलेल्या पादत्राणांना काही अर्थ राहील.