नाडी अडखळते तेव्हा

छातीत धडधड, चढावर दम आणि मनगटावरची नाडी कधी भरभर, कधी अडखळत? हे एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, असू शकतं. ईसीजीत ते कळतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत गेली, तर अर्धांगवायू होतो. म्हणून अनेकांना रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात.

भोर-वेल्ह्यात पावसाळ्यात टाकळा, कुर्डू या रानभाज्या ताटात येतात. वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असेल, तर पालेभाज्या सोडू नका. मात्र प्रमाण वर्षभर सारखं ठेवा. त्यातलं जीवनसत्त्व ‘के’ गोळीचा परिणाम कमी करतं. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारी आयएनआर तपासणी चुकवू नका. बहुतेकांचा तो २ ते ३ दरम्यान हवा.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, काढे, अंगदुखीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. माशाच्या तेलाच्या मोठ्या मात्रेनं एट्रियल फिब्रिलेशन उद्भवण्याचा धोका उलट वाढतो. दारू टाळा, रक्तदाब, वजन आटोक्यात ठेवा.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर तो अर्धांगवायू असू शकतो; लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि घाटातल्या वाडीवरून पुणं लांब आहे. निघताना गोळ्यांची चिठ्ठी सोबत घ्या.