गाण्यातली घरघर आणि आपली वीज

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझं आयुष्य वायरिंगच्या कामात गेलं. त्यामुळे कुणी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला की लिफ्टमध्ये हमखास विचारतात, "काका, पॉवर कंडिशनर कुठला घेऊ?" कमिटी म्हणाली, एकदा सगळ्यांनाच सांगून टाका. म्हणून उभा आहे.

कंडिशनर म्हणजे सॉकेट आणि आपलं यंत्र यांच्यामध्ये बसणारी पेटी. ती विजेतली खरखर गाळते, अचानक आलेला झटका शोषते, आणि काही पेट्या व्होल्टेजही सांभाळतात. सगळ्याच पेट्या ही तिन्ही कामं करत नाहीत. म्हणून आधी आपली तक्रार ओळखा, मग दुकानात जा.

पहिली तक्रार, स्पीकरमधून सतत 'हूं' असा आवाज. बहुतेक वेळा हा अर्थिंगचा फेरा असतो. अ‍ॅम्प्लिफायर एका सॉकेटवर, टीव्ही दुसऱ्यावर, आणि केबलची वायर दोघांना जोडणारी. केबलची वायर काढून बघा. हूं थांबला, तर कितीही महाग कंडिशनर आणून उपयोग नाही. सगळी यंत्रं एकाच सॉकेटवर, एका चांगल्या बोर्डावर घ्या. केबलला आयसोलेटर लावा. पण हात जोडून सांगतो, प्लगची ती जाड, लांब अर्थची पिन कापू नका. हूं जातो, मान्य. पण उद्या आत वायर सुटली की अ‍ॅम्प्लिफायरच्या पत्र्यात वीज उतरते, आणि नेमका नातवाचा हात त्याला लागतो.

दुसरी तक्रार, पंप किंवा लिफ्ट सुरू होताना 'टक्', किंवा पंख्याचा रेग्युलेटर फिरवला की खरखर. इथे फिल्टरवाला कंडिशनर खरोखर उपयोगी पडतो.

तिसरी, व्होल्टेजचा चढउतार. आपली वीज २३० व्होल्टची. साधारण २१६ ते २४४ पर्यंत चालतं. रोज त्याच्या बाहेर जात असेल, तर फिल्टर नको, स्टॅबिलायझर हवा. आणि वीज गेल्यावर इन्व्हर्टरवरच घरघर होत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा. साइन वेव्हचा घेतला की बहुतेक प्रश्न सुटतो.

घेताना चार गोष्टी तपासा. पेटी २३० व्होल्ट, ५० हर्ट्झची हवी. अमेरिकेतल्या मुलाने प्रेमाने आणलेली १२० व्होल्टची इथल्या सॉकेटला लावू नका. सगळ्या यंत्रांचे वॉट बेरीज करा. ६ अँपियरची पेटी म्हणजे २३० गुणिले ६, १३८० वॉट, आणि त्याच्या बरंच खाली राहा. झटका शोषणारा भाग झिजतो, म्हणून तो चालू असल्याचा दिवा हवा. आणि व्होल्टेज फार वाढलं की आपोआप वीज तोडणारी सोय हवीच. शक्य असेल तर घरी लावून, ऐकून, मगच पैसे द्या.

ही शेवटची सोय का हवी, ते सांगतो. आपल्या इमारतीत वीज तीन फेजमध्ये येते आणि घरं त्यांत वाटलेली आहेत. मीटर रूममधला न्यूट्रलचा जोड सुटला, तर कुणाच्या घरात व्होल्टेज पडतं आणि कुणाच्या घरात ४०० च्या जवळ चढतं. मग फ्रिज, टीव्ही, अ‍ॅम्प्लिफायर, सगळं एका मिनिटात जातं. झटका शोषणारी साधी पट्टी इथे पुरत नाही, ती स्वतःच जळते.

म्हणून माझी कमिटीला विनंती आहे. इमारतीला पंचवीस वर्षं झाली. अर्थिंगच्या खड्ड्यांची मोजणी आणि न्यूट्रलचे जोड तपासून घट्ट करणं, ही दोन कामं लायसन्सधारक कंत्राटदाराकडून दरवर्षी व्हावीत. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मी मांडणार आहे. अनुमोदनाला हात वर करा. गाणं न ऐकणाऱ्यांचाही त्यात तेवढाच फायदा आहे.