मुलांना विचारू द्या



आम्ही सातवीत शाळा सोडली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मुलांच्या शिक्षणावर बोलण्याचा आमचा अधिकार तो काय? पण माणसे विचारीनाशी झाली म्हणजे त्यांचे काय होते, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. न वाचता कागदावर सही केली आणि हक्काची बाकी बुडाली, असे किती जण! ते अडाणी नव्हते; ‘मोठ्यांना उलट विचारू नये’ हे लहानपणीच अंगात मुरले होते.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो अशी बातमी देशभर पसरली. रांगेत आम्हीही चमचा घेऊन उभे होतो. पुढे उलगडा झाला. चमच्याची कड मूर्तीला टेकली की पृष्ठताणाने दूध ओढले जाते आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरते. शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ दाखविला. घरी मुलांना करून पाहू द्या. वरवंटाही दूध ‘पितो’! यात श्रद्धेचा अपमान नाही.

पण प्रत्येक अफवा दुधावर भागत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. ‘हे तुम्हांला कोणी सांगितले?’ असे विचारणाऱ्याचे जमावाने ऐकले असते, तर पाच जीव वाचले असते.

आता आमची गोष्ट. घरावरून मोर्चा नेऊन संध्याकाळी आम्ही ऐटीत सांगितले, ‘पाचशे माणूस होते.’ चौथीतली मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी ओट्यावरून मोजले. एका रांगेत चार, रांगा पंचेचाळीस. एकशे ऐंशीच होते.’ आम्ही तिच्यावर डाफरलो. चार दिवसांनी वाटाघाटीत मालकाच्या माणसाने तोच आकडा पुढे ठेवला, आणि आमच्या खऱ्या मागण्याही खोट्या वाटू लागल्या. घरी येऊन तिला म्हणालो, ‘तुझेच बरोबर होते.’ ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून तिचे थांबलेले प्रश्न पुन्हा सुरू झाले.

म्हणून मुलांना तीन प्रश्नांची सवय लावा : कोणी सांगितले? त्याला कसे कळले? आपल्याला पडताळता येईल काय? आणि उत्तर येत नसेल तेव्हा ‘मला ठाऊक नाही, मिळून शोधू’ असे म्हणा. शोधकबुद्धी वाढविणे हे तर १९७६ पासून आपल्या संविधानातले नागरिकाचे कर्तव्यच आहे.

पाचोडच्या बाजारात मोसंबी घेताना आपण साल पाहतो, फळ हातात तोलतो. कानावर आलेली गोष्टही तशीच तोलावी. मात्र मुलांनी आमचे बोलणे तोलले, तर रागावू नये.