पावसाळ्यात होडी काठावर : बॅटरी आणि डिझेल कसे सांभाळाल?

(शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात कृषी विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आज खत-बियाण्याची गोष्ट बाजूला ठेवू आणि होडीबद्दल बोलू. तुम्ही म्हणाल, शेतीखात्याचा माणूस होडीवर काय सांगणार? पण पेणच्या खारेपाटात जा, नाहीतर रोह्याच्या खाली कुंडलिकेच्या खाडीकाठी जा. तिथे एकाच घरात भाताची कणगी असते आणि ओटीवर जाळेही टांगलेले असते. एक भाऊ खाचरात, दुसरा खाडीत. एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. कागदावर ते आता आले, आपल्या घरात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

१ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना समुद्रातील मासेमारी बंद असते. होडी काठावर ओढली जाते, शाकारली जाते आणि घरातली माणसे लावणीच्या चिखलात उतरतात. होडीकडे बघायला कुणाला सवड नसते. आणि नेमके याच दोन महिन्यांत बॅटरी आणि डिझेल बिघडते.

खाडीकाठच्या एका नाखव्याने मला सांगितलेली हकीकत ऐका. बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीला होडी पहाटे ओहोटीबरोबर निघाली. खाडीच्या मुखाशी आली आणि इंजिन दोनदा खोकून बंद पडले. सेल मारला, एकदा मारला, चारदा मारला, मग बॅटरीत जीवच राहिला नाही. ओहोटीची ओढ बाहेर, वारा जोराचा. मागून येणाऱ्या होडीने दोर टाकला म्हणून चार माणसे घरी आली. काठावर येऊन फिल्टर उघडला, तर आत निम्मे पाणी. माणसे वाचली, पण हंगामाचा पहिला आठवडा दुरुस्तीत गेला.

मी विचारले, “नाखवा, बॅटरी काढून ठेवली नव्हती का?” ते म्हणाले, “सायेब, बॅटरी नवीच हाय. दोन महिने नुसती पडून होती, ती कशानं खराब होईल?”

मंडळी, चूक इथेच होते. पडून राहिलेली वस्तू खराब होत नाही, असे आपण धरून चालतो. बॅटरीचे आणि तेलाचे तसे नाही. एक साधी खूण मनात ठेवा : बॅटरीला पाणी लागते, डिझेलला पाणी चालत नाही. आजचे सारे सांगणे या एका वाक्यात आहे.

पहिल्यांदा बॅटरी

बॅटरीला काही जोडलेले नसले तरी ती आतल्या आत हळूहळू उतरते. उकाड्यात जास्त उतरते, जुनी असेल तर आणखी लवकर. त्यात वायरलेस, जीपीएस किंवा दिव्याची वायर जोडलेली राहिली, तर थोडा थोडा करंट रोज जातो. बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि तो घट्ट होतो. मग कितीही चार्ज करा, बॅटरी पूर्वीसारखी करंट धरत नाही. नवी बॅटरी एका पावसाळ्यात म्हातारी होते ती अशी.

म्हणून होडी काठाला लागली की बॅटरी घरी आणा. काढताना आधी वजा बाजूची वायर सोडवा, नंतर अधिकची. बसवताना उलट : आधी अधिक, शेवटी वजा. असे केले म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी पडत नाही.

टर्मिनलवर हिरवा-पांढरा फुलोरा आला असेल, तर एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्याने धुवा. झाकणे घट्ट लावूनच धुवा. सोड्याचे पाणी आत जाता कामा नये. कोरडे पुसून टर्मिनलला व्हॅसलीन लावा.

आता पाणी. पट्ट्या नेहमी पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. उघड्या दिसल्या तर चार्जिंगपूर्वी त्या बुडतील इतकेच डिस्टिल्ड पाणी घाला आणि चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंत भरा. विहिरीचे, नळाचे किंवा पागोळीचे पाणी घालू नका. अॅसिडही घालू नका, कारण उडून जाते ते पाणी, अॅसिड आतच राहते. सीलबंद बॅटरी असेल तर ती उघडू नका, फक्त चार्ज करा.

चार्जिंग सावकाश करा. बॅटरी ८० अँपिअर-तासांची असेल तर ८ अँपिअरपेक्षा जास्त करंट नको, म्हणजे दहावा हिस्सा. चार्ज करून काही तास थांबा आणि मीटर लावा. बारा व्होल्टच्या भरलेल्या बॅटरीवर १२.६ किंवा जास्त दिसले पाहिजे. १२.४ च्या खाली गेली की पुन्हा चार्ज करा. मे अखेर, जून अखेर आणि जुलै अखेर असे तीनदा चार्जिंग झाले, तर बॅटरी दगा देत नाही. घरी चार्जर नसेल तर बाजाराला जाताना बॅटरीवाल्याकडे द्या.

एक धोक्याची सूचना. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. तेव्हा चूल, विडी, देवाचा दिवा यांपासून लांब, वाऱ्याशीर जागी आणि मुलांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी चार्ज करा. अॅसिड डोळ्यात उडाले तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धूत राहा आणि लगेच डॉक्टर गाठा.

“जमिनीवर ठेवली की बॅटरी उतरते,” असे जुने लोक सांगतात. आताच्या प्लास्टिकच्या डब्याच्या बॅटरीचे तसे होत नाही. तरी पावसाळ्यातली ओल लागू नये म्हणून फळीवर ठेवलेली बरी.

आता डिझेल

अर्धी टाकी रिकामी असली की त्या जागेत हवा असते. दिवसा टाकी तापते, रात्री निवते. पावसाळ्याची दमट हवा आत-बाहेर होते आणि टाकीच्या आतल्या भिंतीला घाम सुटतो. तो घाम तळाला जातो, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलके आहे. पाणी आणि डिझेल भेटतात तिथे बारीक जंतू वाढतात आणि काळपट शेवाळासारखा गाळ होतो. लाटांवर होडी हलली की तो गाळ उठून फिल्टरमध्ये अडकतो. काठावर नीट चाललेले इंजिन खाडीच्या मुखाशी बंद पडते, त्याचे एक मोठे कारण हेच.

उपाय दोन. लोखंडी टाकी असेल तर तळाचे बूच सोडून आधी पाणी-गाळ काढा, मग टाकी जवळजवळ पूर्ण भरा. फुगायला थोडी जागा ठेवा. हवेचे भोक बुजवू नका, पण पाऊस शिरणार नाही असे झाका. भरून ठेवणे परवडत नसेल किंवा चोरीची भीती असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी करा. अर्धवट मात्र ठेवू नका.

उरलेले डिझेल जस्ताचा मुलामा दिलेल्या डब्यात ठेवू नका. जस्ताची डिझेलशी क्रिया होऊन साबणासारखा गाळ होतो. पिंप उघड्यावर उभे ठेवू नका. त्याच्या डोक्यावर पाणी साचते आणि पिंप निवले की ते बुचातून आत ओढले जाते. पिंप सावलीत, छपराखाली ठेवा. स्वच्छ आणि कोरडे डिझेल दोन महिने चांगले राहते.

पेट्रोलवरचे इंजिन असेल तर नियम वेगळा. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि इथेनॉल ओल ओढून घेते. ओल फार झाली की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात, आणि इंजिन तळातूनच ओढते. म्हणून पेट्रोल साठवू नका. टाकी रिकामी करा आणि कार्बोरेटरमधले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालवून बंद करा. उरलेले साधे पेट्रोल मोटारसायकलला चालेल. ऑइल मिसळलेले ओतू नका.

जुलैच्या अखेरीस

समुद्रात जाण्याच्या चार दिवस आधी तळाच्या बुचातून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि रात्रभर ठेवा. सकाळी तळाला पाण्याची रेघ दिसली तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा. फिल्टर नवा घाला, नळीतली हवा काढा. बॅटरी जोडा आणि काठाजवळच अर्धा तास इंजिन चालवा. बंद करा, पुन्हा सेल मारा. दुसऱ्यांदाही पहिल्या सेलला सुरू झाले, तरच पुढे जा.

ज्यांच्याकडे होडी नाही त्यांनीही हे ऐकून सोडून देऊ नये. उन्हाळी भात आणि भाजीपाला झाला की डिझेल पंप पडवीत जातो तो दिवाळीपर्यंत. पॉवर टिलर लावणीनंतर उभा राहतो. त्यांच्या डिझेलला हेच नियम, आणि बॅटरी असेल तर तिलाही हेच.

ध्यानात ठेवा

१. बॅटरी होडीवर ठेवू नका, घरी आणा. महिन्यातून एकदा चार्ज करा.
२. बॅटरीत फक्त डिस्टिल्ड पाणी घाला.
३. डिझेलची टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी ठेवा.
४. पेट्रोल दोन महिने साठवू नका.
५. निघण्यापूर्वी बाटलीची परीक्षा आणि अर्ध्या तासाची चाचणी घ्या.

पंपाबाबत शंका असेल तर आपल्या सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना किंवा किल्ला-रोहा येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारा. होडीबाबत मत्स्यव्यवसाय खात्याच्या अलिबाग कार्यालयात चौकशी करा. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ जरूर वाहा, पण त्याआधी तळाचे बूच सोडून बघा. घरी वाट पाहणारी माणसे आहेत.