शेत आपलं, हरीण कुणाचं?

आज विषय हरणांचा. वैजापूर तालुक्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. मूग, सोयाबीन जरा वर आलं की सकाळी वावरात खुरांचे ठसे दिसतात आणि शेंडे खुडलेले असतात.

अमेरिकेतले व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. तिथं काही कुटुंबं हरणाच्या शिकारीसाठी घरची जमीन राखतात, त्यांच्यासाठी चारा पेरतात आणि परवाना काढून पोरांना सोबत नेतात. ते बघून आपला एखादा मित्र म्हणतोच, "आपल्याकडं पण पाहिजे राव असं. पीक तरी वाचंल."

तर आधी कायदा ऐका. आपल्या माळावर दिसतं ते काळवीट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ते पहिल्या अनुसूचीत आहे. शिकार केली तर 3 ते 7 वर्षं तुरुंग आणि कमीत कमी 25 हजार दंड. सातबारा तुमच्या नावावर असला तरी हरीण तुमचं होत नाही. शेतात मेलेलं सापडलं तरी ती सरकारी मालमत्ता.

एवढं कडक कशाला? राजेरजवाडे काळविटामागं पाळीव चित्ते सोडायचे. कोल्हापूर संस्थानात तर विसाव्या शतकातही. पुढं चित्ताच संपला, 1952 मध्ये तो भारतातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. काळवीट वाचलं, पण त्याचे माळ नांगरले गेले. गवत गेलं म्हणून ते वावरात येतं.

आता तुम्ही म्हणाल, शेतकऱ्यानं काय करायचं? दुबार पेरणीचं बियाणं काय फुकट मिळतं? बरोबर आहे. हा राग खोटा नाही. म्हणून कामाचं सांगतो.

नुकसान दिसलं की पीक मोडायच्या आधी फोटो काढा. 3 दिवसांच्या आत वन, कृषी किंवा महसूलच्या माणसाकडं लेखी तक्रार द्या, पोच घ्या, पंचनामा करून घ्या. भरपाईनं सगळं भरून निघत नाही, पण अर्जच नाही केला तर तेही हातचं जातं.

कुंपणाला झटका मशीन लावा. ते क्षणभर झटका देतं, जनावर दचकून मागं फिरतं. पण लाईटची वायर थेट तारेला जोडू नका. तो गुन्हा तर आहेच, आणि रात्री मोटर चालू करायला गेलेला आपलाच माणूस त्या तारेवर जाऊ शकतो. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधा. पळत आलेलं हरीण त्यात पडतं, आणि खेळणारं पोरगंही.

आणि पोरांना सोबत न्या. बंदूक नको, नजर द्या. काळा, पिळदार शिंगांचा तो नर. पिवळसर, बिनशिंगाची ती मादी. ठसा हरणाचा की शेळीचा, ते ओळखायला लावा. एक गोष्ट मात्र पक्की शिकवा: गवतात पाडस एकटं बसलेलं दिसलं तर उचलायचं नाही. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. आपण 'वाचवलं' म्हणून घरी आणतो, आणि तिथंच त्याची आई तुटते. कुत्री मागं लागली असतील किंवा पाडस जखमी असेल, तर वनविभागाच्या 1926 नंबरवर फोन करायचा.

आपल्याकडं 'राखण' हा एकच शब्द दोन्हीकडं चालतो. पीकही राखायचं, रानही राखायचं. वाटणीत पोरांना एकर-गुंठे मिळतीलच. पण हे दोन्ही एकाच वावरात कसं जमवायचं, ते तुमच्यासोबत बांधावर फिरूनच त्यांना कळणार आहे.

या रविवारी घरातल्या एका तरी पोराला भल्या सकाळी रानात घेऊन जा. मोबाईल सायलेंटवर ठेवा बरं का. भेटू पुढच्या भागात. राम राम!