कामगारांच्या गप्पा आणि कंपनीचे धोरण

‘जरा दोन झेरॉक्स काढून आण,’ असे आपण सहज म्हणतो. हे मुळात एका अमेरिकन कंपनीचे नाव आहे, हे ध्यानातही येत नाही. त्याच कंपनीतली एक हकीगत आज सांगायची आहे.

नकलांचे यंत्र अडले, की कंपनीचा मेकॅनिक गिऱ्हाइकाकडे जाई. यंत्रावर बिघाडाचा आकडा पाहावा, पुस्तकात त्यापुढे लिहिलेला उपाय करावा, की झाले काम, अशी वरिष्ठांची समजूत होती. १९८० नंतरच्या दशकात ज्युलियन ऑर हा मानवशास्त्राचा अभ्यासक या मेकॅनिकांबरोबर हिंडू लागला. एखाद्या पाड्यावर मुक्काम करून तिथल्या चालीरीती जाणून घ्याव्यात, तसा तो त्यांच्याबरोबर कामावर गेला, जेवायला बसला. पुढे १९९६ साली त्याने यावर ‘टॉकिंग अबाउट मशीन्स’ हे पुस्तक लिहिले.

त्याला दिसले ते असे, की पुस्तक बऱ्याचदा अपुरे पडते. प्रत्येक यंत्राची खोड निराळी! मग ही मंडळी न्याहारीला जमत आणि कुठले यंत्र कसे अडले, शेवटी कसे वठणीवर आले, याच्या कथा एकमेकांना सांगत. खरी विद्या त्या कथांत होती.

आता पाहा, हिशेबाच्या वहीत हा वेळ फुकट गेलेला पगारच ठरतो. काटकसर म्हणून कुणी तो बंद केला असता, तर दुरुस्तीच लंगडी पडली असती. कंपनीने उलट केले. मेकॅनिकांना दूर असतानाही बोलता यावे म्हणून बिनतारी संच देऊन पाहिले. पुढे १९९०च्या दशकात त्यांच्या युक्त्यांचा ‘युरेका’ नावाचा संगणकीय संग्रह झाला. युक्ती जाणत्या सहकाऱ्यांनी पारखायची आणि ज्याची त्याचे नाव तिला लावायचे, अशी त्यात पद्धत होती.

हे नाव लावणे मला फार महत्त्वाचे वाटते. माणसांत बसून त्यांचे ज्ञान घ्यायचे आणि श्रेय मात्र वरच्यांनी लाटायचे, असे झाले, तर पुढच्या खेपेला कोण तोंड उघडील?

म्हणून कारखाना असो वा बँकेची शाखा, नवे धोरण आखण्यापूर्वी साहेबांनी चार दिवस कामकरी माणसांत बसावे. हातात वही जरूर असावी. ती हजेरीची मात्र नसावी.