अणुभट्टीची राख

चुलींतील राख सकाळीं काढून टाकतां येते. अणुभट्टीची राख मात्र पिढ्यान् पिढ्या सांभाळावी लागते. मुंबईच्या उपनगरांनीं ही गोष्ट दूरची मानण्याचें कारण नाहीं. मुलुंड, भांडुप, घाटकोपर या वस्त्यांच्या पूर्वेस पसरलेली ठाण्याची खाडी दक्षिणेकडे जेथें बंदराला मिळते, तेथेंच तुर्भ्याची, म्हणजे ट्रॉम्बेची, टेकडी आहे. तिच्या पायथ्याशीं १९६० सालीं, कॅनडाच्या साहाय्यानें उभारलेली 'सायरस' ही ४० मेगावॉटची भट्टी चालू झाली. तींत वापरलेल्या युरेनियमपासून प्लुटोनियम वेगळें काढण्याचा कारखाना १९६४ मध्यें सुरू झाला, आणि तेंच प्लुटोनियम १८ मे १९७४ रोजीं पोखरणच्या स्फोटांत वापरण्यांत आलें.

प्लुटोनियम काढण्यासाठीं तें युरेनियम नत्राम्लांत विरघळवावें लागतें. हवें तें द्रव्य थोडकें मिळतें. मागें उरतो तो जहाल द्रव. त्यांतील सीझियम व स्ट्रॉन्शियम यांचें तेज निम्म्यावर येण्यास सुमारें ३० वर्षें लागतात. हजाराव्या हिश्श्यावर येण्यास ३००. स्ट्रॉन्शियम शरीरांत गेल्यास चुन्याप्रमाणें हाडांत जाऊन बसतें. म्हणून असा द्रव वितळलेल्या काचेंत मिसळून पोलादी डब्यांत बंद करतात. सौम्य सांडपाणी मात्र प्रक्रियेनंतर समुद्रांत सोडलें जातें. सीझियम बारीक गाळाला चिकटून राहतें. यास्तव खाडीचा गाळ आणि मासळी यांची तपासणी कधींच थांबवून चालत नाहीं.

अमेरिकेंत हॅनफर्ड येथें १९४३ पासून बाँबसाठीं प्लुटोनियमचा कारखाना उभा राहिला. तेथून हवेंत गेलेलें किरणोत्सर्गी आयोडीन गवतावर, गवतांतून गाईच्या दुधांत आणि दुधांतून मुलांच्या कंठग्रंथींत पोहोंचलें. त्याची कागदपत्रें लोकांच्या हातीं पडलीं १९८६ मध्यें. हॅनफर्डचा दोष तुर्भ्याच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. धडा मात्र घेण्याजोगा आहे.

एका रुग्णाकडे पाहून त्याचा कर्करोग किरणांमुळें झाला कीं तंबाखूमुळें, हें कोणताही वैद्य सांगूं शकत नाहीं. तें उत्तर हजारों माणसांच्या दीर्घ नोंदींतूनच मिळतें. मुंबईंत कर्करोगाची नोंदवही १९६३ पासून चालूं आहे, हें या शहराचें भाग्यच. कामगारांच्या अंगावर पडलेल्या किरणांचीही मोजदाद होते. परंतु २००० सालीं तुर्भ्याच्या केंद्रावरील सुरक्षेची देखरेख अणुऊर्जा नियामक मंडळाकडून काढून केंद्राच्याच अंतर्गत समितीकडे सोंपविण्यांत आली. ज्याचें काम त्यानेंच तपासावें, ही व्यवस्था कितीही प्रामाणिक असली, तरी शेजाऱ्याचें समाधान करूं शकत नाहीं.

सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजीं कायमची विझली. शस्त्राचें गुपित राखणें राष्ट्राला आवश्यक वाटेल. पण खाडीच्या गाळांत काय आहे आणि कामगारांच्या प्रकृतीचें काय झालें, हीं शत्रूपासून लपविण्याचीं गुपितें नव्हेत. भट्टी विझते, राख उरते. ती राखणाऱ्या पुढील पिढ्यांना आज निदान उघडा, अखंड आणि खरा हिशेब तरी मिळाला पाहिजे.